आत्याच्या लग्नाचं पान

जुन्या धाटणीचं स्क्रॅपबुकचं पान करायचं म्हटलं की बहुतेक जण आधी सामान आणायला निघतात. लेस, सुतळी, छापील फुलं, कडा करपवलेले कागद. मी आधी आजीची पत्र्याची ट्रंक उपसली. त्यात रेशनकार्ड निघालं, भोकाचे पैसे निघाले, आजोबांची प्रेसमधली कागदपत्रं निघाली. (आजोबा नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये होते. टपाल तिकिटं छापणारा हा १९२५ सालचा छापखाना. नाशिक रोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं तरी पुरतं.) एवढं सगळं एका पानावर कोंबलं असतं, तर बघणाऱ्याला कशाचाच पत्ता लागला नसता.

पान कशाचं करायचं ते एका पोस्टकार्डाने ठरवलं. आजीच्या भावाने येवल्याहून पाठवलेलं. वर ‘श्री’, खाली ‘ती. सौ. अक्कास शि. सा. न. वि. वि.’ आणि मग सरळ मुद्दा: हिरवी मागावर चढली आहे, पदराला वेळ लागेल, काळजी करू नये. चारही कोपऱ्यांना हळदकुंकू. कुंकवाचे ठिपके अजून लालसर आहेत, हळद मात्र जवळजवळ उडालीये. हळदीचा रंग उजेडात टिकत नाहीच. नुसतं बघून कळलं नसतं, कार्ड तिरकं धरलं तेव्हा कुंकवाभोवतीचा पुसट पिवळा दिसला.

ट्रंकेच्या तळाशी मलमलीत गुंडाळलेला हिरव्या पैठणीच्या काठाचा वीतभर तुकडा होता. आणि आत्याचा लग्नातला फोटो आमच्या काळ्या पानांच्या अल्बममध्ये होताच. तीन वस्तू, तिन्ही एकाच लग्नाच्या. फोटो कृष्णधवल असल्यामुळे त्यातली साडी नुसती करडी दिसते. ती हिरवी होती हे चिठ्ठी सांगते आणि काठ दाखवतो. ह्या तिघांना शेजारी आणायचं आणि बाकी काही घालायचं नाही, हे माझं तिथेच पक्कं झालं.

मग पंचवटीत आत्याकडे गेले. फोटो पुढे ठेवल्यावर ती आधी स्वतःकडे बघेल असं मला वाटलं होतं. तिने बोट ठेवलं ते मागे उभ्या असलेल्या, अर्ध्या कापल्या गेलेल्या माणसावर. “हा मामा. साडी घेऊन आला तो तसाच कामाला लागला, पंगतीत वाढतच होता. फोटोला बोलावलं तर म्हणे येतो, आणि आला तेव्हा फोटोवाल्याने बटण दाबलं.” चिठ्ठी लिहिणारा माणूस फोटोत आहे हे घरात दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं. फोटोमागे लिहायला मी बॉलपेन काढलं, तशी आत्या म्हणाली, “अगं, पेन्सिलने लिही, पुढे उमटेल.” तिचं बरोबरच होतं. बॉलपेनचा दाब फोटोच्या पुढच्या बाजूला वळासारखा दिसतो, शिवाय शाई कधी पसरेल सांगता येत नाही. मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने सगळ्यांची नावं लिहिली.

जुनेपणा आणायचा तो प्रतींना, मूळ वस्तूंना नाही. त्या आपल्या परीने जुन्या झालेल्याच आहेत. फोटो आणि कार्डाच्या दोन्ही बाजू ६०० डीपीआयला स्कॅन केल्या. पार्श्वभूमीचे कागद कोऱ्या चहात भिजवले. चहा गाळून पूर्ण गार करायचा, पसरट ताटात ओतायचा, कागद काही मिनिटं बुडवायचा. नाशिकच्या उन्हात गच्चीवर टाकला की कागद वेडावाकडा आकसतो, म्हणून सावलीत वाळवून रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवायचा. ज्या प्रती चहात घालायच्या त्या लेझर प्रिंटरवरच काढून घ्याव्यात. घरच्या इंकजेटची शाई बहुधा पाण्यात ओघळते.

चहा आम्लधर्मी असतो, तेव्हा हा कागद मूळ फोटोला लागू द्यायचा नाही. मध्ये आम्लविरहित कागदाचा थर घातला. मेन रोडवर चार दुकानं फिरल्यावर चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात तो मिळाला. फोटो आणि कार्ड दोन्ही कागदी कोपऱ्यांत अडकवलेत, कधीही अलगद काढता येतात. कार्डाची निळी शाई पाण्याने फुटणारी, त्यामुळे ओली खळ किंवा गोंद तिच्या आसपाससुद्धा नको. चिकटपट्टी तर कशालाच नको. काही वर्षांनी पट्टी गळून पडते आणि तिचा पिवळा डाग कायमचा राहतो. प्रतींना मात्र खुशाल पांढरा गोंद लावला. बाइंडिंगवाले खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात, तसली खळही मी टाळली. तांब्याच्या क्षारांनी कागद खराब होतो.

काठाला सगळ्यात जास्त वेळ लागला. रेशीम घडीवर चिरलं होतं आणि जर काळवंडली होती. घासून चमकवायचा मोह झाला, पण घासलं की जरीवरचा पातळ मुलामा जातो, म्हणून तशीच ठेवली. धुतलेल्या बिनखळीच्या सुती कापडावर काठ पसरला आणि बारीक सुईने, रेशमी धाग्याने, फक्त शाबूत भागातून लांब टाके घातले. चिरलेल्या जागी सुई घातली तर चीर वाढते. मग ते कापड पानाला दोऱ्याने बांधलं. मोराच्या डोळ्याचं लाल रेशीम अजून इतकं ताजं आहे की आत्या त्यावरून कितीदा तरी बोट फिरवायला गेली आणि दर वेळी तिने हात मागे घेतला.

पानावर मजकूर थोडाच आहे: मामांचं वाक्य त्यांच्याच अक्षरात, मोठं करून, आणि फोटोतल्या अर्ध्या माणसाखाली त्यांचं नातं.

पान काचेच्या चौकटीत लावून भिंतीवर टांगावं असं घरात सगळ्यांचं म्हणणं होतं. मी नाही म्हटलं. हळद अजून थोडी शिल्लक आहे. भिंतीवर स्कॅनची प्रत लागलीये, मूळ पान सपाट खोक्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून, आत्याच्या कपाटात आहे. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पुड्या बदलायचं काम तिने स्वतःकडे घेतलंय. मामांच्या येवल्यातल्या नातवालाही एक प्रत पाठवली. त्याच्याकडे आजोबांचा तरुणपणीचा एकही फोटो नव्हता.