वाइन बाटल्यांत भरण्याच्या आदल्या दिवशी

बाटल्या भरणारी गाडी सकाळी सातला यायची होती. फ्रान्सच्या सावोआ भागातल्या वाइन बनवणाऱ्या लहान बागायतदारांना बाटल्या भरायचं स्वतःचं यंत्र परवडत नाही. ट्रकवर बसवलेलं यंत्र बागोबाग फिरतं, आणि ठरलेली तारीख हुकली की पुढची कधी मिळेल याचा भरवसा नसतो. त्यामुळे आदल्या दुपारी तळघरात शेवटची चव घेताना माझं निम्मं लक्ष पाइप, बुचं आणि खोक्यांच्या हिशेबातच होतं.

आमची बाग बोज डोंगररांगेच्या पायथ्याशी, आर्बँच्या बाजूला, चुनखडीच्या दगडगोट्यांवर आहे. खोऱ्यापलीकडे ग्रानिए डोंगर दिसतो. १२४८ साली त्याचा कडा कोसळून खालची वस्ती गाडली गेली, आणि आज त्याच ढिगाऱ्यावर जाकेर या स्थानिक पांढऱ्या द्राक्षाचे मळे आहेत. आमच्याकडेही जाकेर आहे. रेड वाइनसाठी मोंदोझ, जुन्या तुकड्यात त्याच्या अधूनमधून पेर्साँच्या वेली, आणि वरच्या अंगाला गामे. गामे इथला नव्हे. मोंदोझ फार उशिरा पिकतो, थंड वर्षी कच्चाच राहायचा, म्हणून मालकीणबाईंच्या सासऱ्यांनी तो उपटून तिथे गामे लावला होता.

आम्ही बाहेरचं यीस्ट घालत नाही, गाळण लावत नाही. फ्रान्समध्ये २०२० पासून अशा ‘नैसर्गिक’ वाइनसाठी एक सनद आहे: द्राक्षं सेंद्रिय, तोडणी हातानं, किण्वन (रस आंबवणं) सालीवरच्या यीस्टनं. लेबलवरचं चिन्ह दोन प्रकारचं असतं, एक अजिबात सल्फाइट (वाइन टिकवण्यासाठी घालतात ते सल्फरचं संयुग) न घातलेल्या वाइनचं, दुसरं लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आत असलेल्या वाइनचं. बाईंनी तिन्ही वाइनची लेबलं पहिल्या चिन्हाची छापून घेतली होती.

जाकेर स्वच्छ लागली, मोंदोझ-पेर्साँ तर फारच छान. गामेचा घोट घेतला. चेरीसारखा गंध, तोंडात मऊ. थुंकले आणि वहीत ‘ठीक’ लिहायला घेतलं. तेवढ्यात जिभेच्या मागच्या भागातून उंदराच्या पिंजऱ्याची, शिळ्या लाह्यांची चव वर आली. ती जाईना.

हा दोष विचित्र आहे. लॅक्टिक बॅक्टेरिया किंवा ब्रेटॅनोमायसिस हे यीस्ट त्यामागची संयुगं बनवतात. वाइनच्या आम्लात ती उडत नाहीत, म्हणून ग्लास हुंगून काही कळत नाही. तोंडात लाळेनं आम्लता कमी झाली की मगच जाणवतात. काहींना ती जाणवतच नाहीत. प्रयोगशाळेच्या नेहमीच्या अहवालातही हा दोष पकडला जात नाही. आमच्या अहवालात गामेची उडनशील आम्लता, म्हणजे व्हिनेगरसारखं आम्ल, मर्यादेत होती, साखर संपलेली होती. खटकावा असा एकच आकडा होता, पीएच ३.८. हा आकडा जितका चढा तितकी आम्लता कमी.

मी बाईंना बोलावलं. त्यांनी दोनदा चव घेतली, थांबल्या, मान हलवली.

“मला काही लागत नाही गं. तुझ्या तोंडात आधीचं काही राहिलं असेल.”

शंका रास्त होती. ही चव एकदा जिभेवर बसली की पुढचे दोन-तीन ग्लास बिघडवते. मी पाव खाल्ला, पाणी प्यायले, बाहेर जाऊन आले. पुन्हा तेच. बाईंचा तीस वर्षांचा अनुभव आणि माझी जीभ यांच्यात वाद घालून काही निष्पन्न होणार नव्हतं. मी स्वयंपाकघरातून खायचा सोडा आणला. दोन ग्लासांत गामे, दोन ग्लासांत मोंदोझ ओतली आणि प्रत्येक वाइनच्या एकेका ग्लासात चिमूटभर सोडा टाकला. फेस आला, रंग निळसर काळा पडला. सोड्यानं आम्लता मोडली की जे लाळ करते तेच ग्लासात होतं, आणि नाकाला कळतं.

“हुंगून बघा,” म्हटलं.

मोंदोझच्या ग्लासावर त्या नुसत्या नाक मुरडून थांबल्या. सोड्यानं कुठलीही वाइन बेचव होतेच. गामेचा ग्लास मात्र त्यांनी झटकन दूर धरला. मग पुन्हा जवळ घेतला. “केव्हापासून?” एवढंच विचारलं.

त्या वर्षीचा उन्हाळा कडक होता. गामे लवकर पिकला आणि त्याची आम्लता घसरली. मोंदोझ आणि पेर्साँ यांनी आपलं आम्ल राखलं होतं; त्यांचा पीएच ३.४ होता. सल्फर न घालता वाइन बनवायची तर आम्ल हाच राखणदार असतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या दिवशी ते शेजारशेजारच्या दोन पिंपांत दिसलं. आणि सल्फर घातलं असतं तरी? ३.८ पीएचला त्याचा जो अंश प्रत्यक्ष काम करतो तो ३.४ च्या मानानं निम्म्याहून कमी असतो. शिवाय तयार झालेली ही चव सल्फरनं जात नाही, फार तर वाढायची थांबते. ‘नैसर्गिक म्हणजे हात न लावणं’ असं सांगणाऱ्यांना मी हे दोन ग्लास आवर्जून दिले असते.

बाईंनी गामे पिंपातच ठेवायचं ठरवलं. काही वेळा ही चव महिन्यांनी ओसरते. तेव्हा पिंपं काठोकाठ भरलेली ठेवायची आणि पुन्हा चाखायची. सासऱ्यांच्या गामेवर मोंदोझचं कलम चढवावं का, यावर रात्री जेवताना घरात बरीच बोलाचाली झाली. आता उन्हाळे तापतात, मोंदोझ पिकेल असं मी म्हटलं. पण कलम केलं की त्या तुकड्याचं उत्पन्न काही काळ बुडतं, हेही खरं. निर्णय झाला नाही.

सकाळी गाडी वेळेवर आली. जाकेर आणि मोंदोझ भरून दुपारी दोनलाच काम संपलं. गाडीवाल्यानं पैसे मात्र पूर्ण दिवसाचे लावले.