वाद्यावरचा शिक्का आणि वाद्याचा गळा : बास गिटार निवडताना आलेला अनुभव

आमच्या वाद्यवृंदातला बासवादक दोन वर्षांपूर्वी पोर्तुगीज पासपोर्ट काढून पोर्तुगालला गेला आणि त्याच्याबरोबर त्याची बास गिटारही गेली. फोंड्यात आम्ही सात जण मिळून भावगीते आणि नाट्यगीते नव्या साजात वाजवतो. चतुर्थीपासून शिगम्यापर्यंत कार्यक्रम बरे मिळतात, आणि खालचा सूर नसला की आमचा तबला आणि कीबोर्ड कितीही नेटाने वाजले तरी गाणे अधांतरी राहते, हे पहिल्याच कार्यक्रमात सर्वांच्या लक्षात आले. महाविद्यालयात असताना मी थोडीफार गिटार वाजवत असे, एवढ्या भांडवलावर बासची जबाबदारी माझ्याकडे आली आणि सत्तर हजार रुपयांच्या आत वाद्य घ्यावे असे ठरले.

सुरुवातीला मी एकच प्रश्न घेऊन बसलो होतो, आणि तो म्हणजे वाद्य कोणत्या देशात बनले आहे. मुंबईतला माझा मावसभाऊ बरीच वर्षे गिटार वाजवतो. त्याने फोनवर मला एक उतरंड सांगितली होती, तीत अमेरिकन वाद्य सर्वांत वर, त्याखाली जपानी, मग मेक्सिकन, मग कोरियन, आणि तळाशी इंडोनेशियन व चिनी. ही उतरंड मला लगेच पटली, कारण माझे बालपण ज्या घरात गेले तेथे आखातातून आलेला टेपरेकॉर्डर पाहुण्यांना दिसेल असा ठेवला जाई आणि त्याच्या पाठीवर ‘जपान’ हा शब्द आहे की नाही, हे वडील चष्मा लावून तपासत असत. त्यामुळे पणजीच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वाद्य हातात घेऊन वाजवण्याऐवजी ते उलटे करून शिक्का शोधू लागलो. दुकानदाराने काही न बोलता टेबलावरचा दिवा माझ्याकडे सरकवला.

घरी येऊन मी थोडे वाचन केले आणि या उतरंडीमागचा इतिहास समजून घेतला. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे १९५१ मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणला आणि १९६० मध्ये जाझ बास. आज जगात मिळणाऱ्या बहुतेक बास गिटारचे मूळ या दोन आराखड्यांत आहे. सत्तरच्या दशकात जपानी कारखान्यांनी अमेरिकन वाद्यांच्या इतक्या चांगल्या नकला केल्या की १९८२ मध्ये फेंडर कंपनीने स्वतःच जपानमध्ये उत्पादन सुरू केले आणि ते काम मात्सुमोतोच्या फुजिजेन कारखान्याकडे दिले. स्क्वायर हे फेंडरचेच स्वस्त वाद्यांचे नाव त्याच वर्षीचे. पुढे जपानी मजुरी आणि येन दोन्ही महागले, तेव्हा काम कोरियात गेले, आणि कोरियातली मजुरी वाढल्यावर इंडोनेशिया व चीनमध्ये. अमेरिकन कंपनीला घराजवळ स्वस्त उत्पादन हवे होते म्हणून १९८७ मध्ये मेक्सिकोतील एन्सेनादा येथे कारखाना निघाला. तो कॅलिफोर्नियातील कोरोनाच्या कारखान्यापासून मोटारीने काही तासांच्या अंतरावर आहे. थोडक्यात, मावसभावाच्या उतरंडीतल्या पायऱ्या बऱ्याच अंशी मजुरीच्या दराच्या पायऱ्या होत्या, कौशल्याच्या नव्हेत, आणि ज्या जपानी वाद्यांसाठी आज जुन्या बाजारात लोक जादा पैसे मोजतात, त्यांनाच एके काळी स्वस्त नक्कल म्हणून हिणवले जात होते.

शिक्क्याविषयीचा माझा दुसरा गैरसमज असा होता की एका देशात एकाच दर्जाचे काम होते. प्रत्यक्षात यामाहाचा बीबी ४३४ इंडोनेशियात बनतो आणि त्याच मालिकेतला कितीतरी महाग बीबीपी ३४ जपानमध्ये बनतो. पण इंडोनेशियातल्या इंडोनेशियातही अगदी नवशिक्यांसाठीच्या वाद्यापासून व्यावसायिक वादकाला चालेल अशा वाद्यापर्यंत सर्व काही तयार होते, कधी कधी एकाच छपराखाली. कॉर्ट ही कोरियन कंपनी स्वतःच्या नावाने वाद्ये विकते आणि इंडोनेशियातल्या आपल्या कारखान्यात इतर नामांकित ब्रँडसाठीही वाद्ये बनवते. अनुक्रमांक वाचायला शिकल्यावर हे उघडकीस आले. स्क्वायरच्या वाद्यावर ‘आयसीएस’ ही अक्षरे असतील तर ते इंडोनेशियातल्या कॉर्टच्या कारखान्यातले, आणि अलीकडच्या फेंडरवर ‘एमएक्स’ असेल तर मेक्सिकोचे व पुढचे दोन आकडे वर्षाचे. ही अक्षरे पाहण्याची सवय मला अजूनही सुटलेली नाही, पण आता मी ती वाद्य वाजवून झाल्यावर पाहतो.

हा क्रम बदलण्याचे श्रेय मडगावच्या एका ज्येष्ठ बासवादकांना आहे. त्यांनी लहानपणी चर्चच्या शाळेत सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, शिकून पुढे लग्नसमारंभांच्या बँडमध्ये आणि हॉटेलांत चाळीस वर्षे वाजवले आहे. ओळखीतून त्यांच्या घरी गेलो आणि कोणत्या देशाचा बास घ्यावा असे विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, “देश मागीर पळय, पयलीं नेक पळय.” म्हणजे देश नंतर बघ, आधी नेक, वाद्याचा लांब गळा, बघ. मग त्यांनी आपला स्वतःचा बास माझ्या मांडीवर ठेवला आणि नेक कसा पाहायचा हे पाऊण तास शिकवले.

सर्वांत आधी डोळा बंद करून अंगठा आणि तर्जनी नेकच्या दोन्ही कडांवरून सावकाश खाली न्यायची. फ्रेट म्हणजे सतारीवरच्या पडद्यांसारख्याच धातूच्या आडव्या पट्ट्या, फक्त लाकडात ठोकून बसवलेल्या, आणि त्यांची टोके कानशीने गोल केलेली नसतील तर बोटांना करवतीच्या दातांसारखी खरखर लागते. यंत्र बॉडी अचूक कापते, नेकचा आकारही यंत्रच देते आणि ही यंत्रे कॅलिफोर्नियात असोत की जावा बेटावर, त्यांच्या कामात फारसा फरक पडत नाही. पण फ्रेटची टोके मात्र कोणीतरी माणूस हाताने घासतो, आणि त्या माणसाला एका वाद्यासाठी किती मिनिटे दिली गेली, ते तुमच्या अंगठ्याला कळते. त्यानंतर सर्वांत जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातली फट पाहायची. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट असली की नेक ठीक. शेवटी सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास प्रत्येक सूर वाजवून तो किती वेळ टिकतो ते ऐकायचे, कारण फेंडर पद्धतीच्या नेकवर तेथे एखादा सूर अकाली विझतो आणि हा दोष किंमत पाहून येत नाही. त्यांच्या स्वतःच्या बासवर सहाव्या फ्रेटला तसा एक विझता सूर होता. तो सूर आला की आपण कोणत्या दुसऱ्या तारेवर जातो, हेही त्यांनी वाजवून दाखवले.

हे धडे घेऊन मी पुढच्या तीन आठवड्यांत चार वाद्ये नीट पाहिली. पहिले चीनमध्ये बनलेले, दिसायला सर्वांत देखणे आणि पंचवीस हजारांच्या आतले. त्याच्या फ्रेटच्या टोकांनी माझ्या तर्जनीवर ओरखडा उठवला आणि बाराव्या फ्रेटच्या पुढे दोन ठिकाणी तार खडखडत होती. तरीही याचा अर्थ चिनी काम वाईट असा मी लावला नाही. त्या किमतीत कोणत्याही देशात हातकामाला तेवढाच वेळ मिळाला असता. दुसरे म्हणजे कळंगुटच्या एका हॉटेलात वाजवणाऱ्या वादकाचे, मेक्सिकोत बनलेले आणि बारा वर्षे वापरलेले वाद्य. नेक अप्रतिम होता, इतका की अंगठा त्यावरून काढवत नव्हता, आणि मागितलेली किंमत माझ्या पैशांत बसत होती. पण पुलावरचे, म्हणजे बॉडीवर तारा जेथे टेकतात त्या भागावरचे, छोटे षट्कोनी स्क्रू समुद्राच्या खाऱ्या हवेने गंजून जागच्या जागी थिजले होते. ॲलन की फिरवली तेव्हा तिची टोके घसरली आणि मालक संकोचून म्हणाला की सुट्टे भाग मिळतात. मिळतात हे खरे, मात्र उद्या पिकअपचे, म्हणजे तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागाचे, आतले सोल्डरही सुटले तर काय, या विचाराने मी मागे हटलो. ते वाद्य एन्सेनादात ज्याने घासले त्याचा यात काही दोष नव्हता, तो कळंगुटच्या किनाऱ्याचा होता, आणि अशी माहिती कोणत्याही शिक्क्यावर छापलेली नसते.

तिसरे वाद्य पाहताना एक गंमत झाली. दुकानातल्या इंडोनेशियन स्क्वायरच्या माहितीपत्रकावर फ्रेटबोर्डचे, म्हणजे ज्या पट्टीत फ्रेट ठोकतात तिचे, लाकूड ‘इंडियन लॉरेल’ असे लिहिले होते. विलायती वाटणाऱ्या या नावाचा शोध घेतल्यावर ते आपले ऐन निघाले, ज्याला आमच्याकडे माट्टी म्हणतात आणि ज्याची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल सत्तरी तालुक्यातल्या रानात मी लहानपणापासून पाहत आलो आहे. या लाकडाकडे कंपन्या वळल्या त्याला एक कारण होते. पूर्वी बहुतेक फ्रेटबोर्ड शिसवाचे असत, पण २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या वंशातील जवळजवळ सर्व जाती वन्य प्रजातींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्या आणि विक्रीसाठी सीमा ओलांडणाऱ्या अशा वाद्यांसाठी कागदपत्रे लागू लागली. तेव्हा फेंडरने मेक्सिकोतल्या वाद्यांसाठी दक्षिण अमेरिकेतले पाऊ फेरो हे लाकूड घेतले. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस यातून सूट मिळाली, तरी बदललेली लाकडे बऱ्याच वाद्यांवर तशीच राहिली. आजोबांचा शिसवी पलंग आमच्या घरात अजून आहे. त्याच्या भावकीतले लाकूड सह्याद्रीतून जहाजाने जावाला किंवा कॅलिफोर्नियाला जाते, उत्तर अमेरिकेतल्या मेपलच्या नेकवर चिकटते आणि परदेशी माल म्हणून सीमाशुल्क भरून पुन्हा आपल्याकडे येते, हे कळल्यावर ‘हे वाद्य कोणत्या देशाचे’ या प्रश्नाकडे मी पूर्वीसारखे पाहू शकलो नाही.

चौथे वाद्य म्हणजे इंडोनेशियात बनलेला यामाहा बीबी ४३४. अंगठा दोन्ही कडांवरून कोठेही अडला नाही. कार्ड फटीतून हलकेच सरकले. बारीक तारेवरचे सूर सगळीकडे सारखे टिकले. बॉडी आल्डर लाकडाची आहे, फ्रेटबोर्ड शिसवी, आणि नेक बॉडीला नेहमीच्या चारऐवजी सहा बोल्टांनी आवळलेला. पिकअप दोन आहेत, एक प्रिसिजन पद्धतीचा आणि एक जाझ पद्धतीचा, आणि आमच्यासाठी ही गोष्ट देशापेक्षा महत्त्वाची ठरली. जत्रेच्या मांडवात विजेचे अर्थिंग बहुधा नावापुरतेच असते आणि एकेरी गुंडाळीचा पिकअप तेथे माशीसारखा घोंगावतो. प्रिसिजन पद्धतीच्या पिकअपमध्ये दुभागलेल्या दोन गुंडाळ्या हा घोंगाट एकमेकींत जिरवतात, म्हणून मांडवात मी तेवढाच चालू ठेवतो आणि बंदिस्त सभागृहात दुसरा मिसळतो.

किमतीचा विचारही शेवटी देशाशी येऊन भिडलाच, फक्त वेगळ्या बाजूने. अमेरिकेत बनलेल्या बासची मूळ किंमतच जास्त, त्यात वाहतूक, सीमाशुल्क आणि जीएसटी मिळून ती आमच्या सबंध चतुर्थीच्या बिदागीच्या बाहेर जाते. इंडोनेशियन वाद्य घेऊन माझ्याकडे जे पैसे उरले, त्यांतून चांगली कठीण पेटी, नव्या तारा आणि म्हापशाच्या कारागिराकडून सेटअप एवढे सारे झाले. त्याने नटच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा किंचित खोल केल्या आणि तारांची उंची माझ्या बोटांना जमेल एवढी खाली आणली. हे दोन तासांचे काम म्हापशात झाले, पण वाजवताना जो सुखावा वाटतो त्यातला निम्मा त्या दोन तासांचा आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. मावसभावाला वाद्य दाखवले तेव्हा त्याने ते आधी उलटे केले, शिक्का वाचला, “बरं आहे की,” एवढेच म्हणाला आणि मग अर्धा तास परत दिले नाही.

जूनमध्ये पाऊस लागला आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तारा थोड्या उंच वाटू लागल्या. लाकूड ओलावा पिते, हे ठाऊक असल्यामुळे मी घाबरलो नाही. मडगावच्या त्या वादकांना फोन केला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची सळई, पाव फेरा आवळला, वाद्य रात्रभर तसेच ठेवले आणि सकाळी कार्ड पुन्हा सरकवून पाहिले. फट पूर्वीएवढी झाली होती. पेटीत सिलिका जेलच्या दोन पिशव्या टाकल्या आहेत, पुलाच्या स्क्रूंना महिन्यातून एकदा तेलाचा थेंब देतो, आणि पावसाळा सरल्यावर हवा कोरडी होईल तेव्हा तो पाव फेरा बहुधा परत सोडावा लागेल, म्हणून ॲलन की पेटीतच ठेवली आहे.