सभासद गेले, देवघेव उरली
वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या छोट्या मराठी वाचनालयाची यादी मी पायथन ही प्रोग्रामिंग भाषा आणि एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वापरून सांभाळतो. दिवंगत सभासदांच्या नोंदी डिलीट केल्या, तेव्हा त्यांच्या नावावरची पुस्तकांची देवघेव दुसऱ्या टेबलात तशीच निराधार राहिली; कारण एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीचे बंधन (एका टेबलातली नोंद दुसऱ्यातल्या अस्तित्वात असलेल्या नोंदीलाच जोडलेली हवी, हा नियम), डेटाबेसशी केलेल्या प्रत्येक कनेक्शनवर प्राग्मा ही सेटिंगची आज्ञा देऊन चालू केल्याखेरीज, सहसा पाळलेच जात नाही. (आडनावाने नोंद काढू नये, हे मात्र वडोदऱ्यातल्या जोशींच्या संख्येने आधीच शिकवले होते.) आता मी डिलीटच्याच व्हेअर अटीने (कोणत्या नोंदी, हे ठरवणारी अट) आधी सिलेक्ट, म्हणजे फक्त नोंदी दाखवणारी आज्ञा, चालवून नावे डोळ्यांखालून घालतो, मग डिलीट करून रोकाउंट (किती नोंदी गेल्या, तो आकडा) ताडून पाहतो आणि आकडा जुळला तरच कमिट करतो, म्हणजे बदल कायम करतो, अन्यथा रोलबॅक, म्हणजे बदल रद्द. परवा 7 अपेक्षित असताना 412 आले. अटीतल्या ‘ऑर’भोवतीचा (‘किंवा’भोवतीचा) कंस राहून गेला होता, त्यामुळे अट नको तितकी सैल झाली होती.