सरांची ड्यूटी

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला. लिहायला बसलो तर सगळी जागा गणिताच्या सरांनीच अडवली. आपल्या बॅचला नाव सांगायला नको. स्नेहसंमेलन, सहली यांवर इतर लिहितीलच.

माझी आठवण वर्गाबाहेरची आहे. १९९९ साली लोकसभा आणि विधानसभा एकदमच होत्या. मी तेव्हा गावचा ग्रामपंचायत सदस्य, अंगात पुढारपण भिनलेलं. पक्षाने मतदान प्रतिनिधी म्हणून बसवलं, आणि बघतो तर केंद्राध्यक्षाच्या खुर्चीत सर! वाकून नमस्कार केला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपलं नेमणूकपत्र?" शाळेत ज्यांनी 'गाढवा'शिवाय हाक मारली नाही, ते मला अहो-जाहो करत होते.

दुपारी आमचे पुढारी एका अंध आजींचे सोबती म्हणून, म्हणजे त्यांच्या वतीने बटण दाबायला, आले. थोड्या वेळाने दुसऱ्या आजींचा हात धरून पुन्हा हजर. सरांनी अडवलं. सोबत्याला दिवसभरात एकाच मतदाराबरोबर जाता येतं. पुढारी तापले, बदलीची भाषा झाली. "बदली उद्या करा. आज मी आयोगाचा माणूस आहे." मग त्यांनी आजींनाच विचारलं, सोबत कोण हवं? आजींनी नातवाचं नाव घेतलं. तो येईपर्यंत त्या सरांच्या खुर्चीत बसल्या आणि सर उभे.

'आयोगाचा माणूस' ही काही फुशारकी नव्हती. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम २८अ नुसार निवडणुकीच्या काळात असा कर्मचारी निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर, म्हणजे तात्पुरता त्यांच्याच सेवेत, समजला जातो. हे मला अभ्यासाला बसल्यावर कळलं. कारण पुढची पंचायत मी लढवलीच नाही. एमपीएससी दिली, नायब तहसीलदार झालो, निवडणूक शाखा मिळाली. सरपंच झाला असतास, असं घरचे अजून ऐकवतात. प्रशिक्षणात सोबत्याचा नियम आला की मी जरा जास्तच रेंगाळतो, एवढं खरं.

ड्यूटीचे आदेश आता माझ्या टेबलावरून जातात. आदेश निघाले की नाव काढा म्हणून फोन सुरू. त्यात आपल्या शाळेतलेही असतात, रागावू नका. शिक्षकांवर नको ती कामं लादतात हे मान्य, पण सरांनी असा फोन कधी केला असेल, असं मला वाटत नाही.

२०२४ च्या विधानसभेला सरांच्या मुलाचा फोन आला, "बाबांना घरून मतदान करता येईल का?" मी तोंड उघडायच्या आत मागून सरांचा आवाज, "त्याला ८५ पूर्ण लागतात. मी ८२ चा आहे. फोन ठेव."