एकोणीस नंबरची चष्मेवाली

माझं काम सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, "म्हणजे दिवसभर पक्षी बघायचे? मजा आहे!" मजा पहिल्या आठवड्यात होती. उत्तरेकडच्या समुद्रातल्या एका बेटावर, कड्याच्या कपारीत कॅमेरा बसवलाय. त्याचं थेट चित्रण माझ्या पडद्यावर येतं आणि मी दिसेल त्याच्याभोवती चौकट ओढते. मोठा पक्षी, पिल्लू, अंडं, शिकारी. पर्याय एवढेच. या चौकटींवरून पुढे संगणकाला पक्षी ओळखायला शिकवणार आहेत, म्हणजे मी माझ्याच बदलीच्या माणसाला तयार करतेय. असो.

पक्षी आहे गिलेमॉट. काळपट पाठ, पांढरं पोट, उभा राहतो ताठ. घरटं वगैरे भानगड नाही. उघड्या खडकावर एकच अंडं, एका टोकाला निमुळतं. दाटी अशी की एका चौरस मीटरमध्ये वीसवीस जोड्या मावतात. जोडी वर्षानुवर्षं त्याच वीतभर जागेवर परत येते, म्हणून आमच्याकडे नंबर पक्ष्यांना नाहीत, जागांना आहेत.

१७ नंबरवर सोळा दिवसांचं पिल्लू होतं. साधारण तीन आठवड्यांचं झालं की हे पिल्लू, उडता येत नसतानाच, संध्याकाळच्या सुमाराला कड्यावरून खाली झेप घेतं आणि बाप त्याला घेऊन समुद्रात निघतो. आई मागेच राहते. तेव्हा १७ चे चार-पाच दिवस उरले होते. बापाच्या पायात ओळखीचं कडं असल्यामुळे तो चटकन ओळखू यायचा.

१९ वर आमची चष्मेवाली. काही गिलेमॉटांच्या डोळ्याभोवती पांढरं कडं असतं आणि तिथून मागे एक पांढरी रेघ जाते, हुबेहूब चष्म्याची काडी. (नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे 'वाली' कशावरून ते विचारू नका.) तिचं अंडं मागच्या महिन्यात घरंगळून खाली गेलं होतं. ती नोंद मीच केली होती. तरी ती जागा सोडत नव्हती. कधीकधी चोचीत मासा घेऊन यायची, तो धरून बराच वेळ उभी राहायची, मग स्वतःच गिळून टाकायची.

त्या दिवशी दुपारी गरुड आला. गरुड कॅमेऱ्यात दिसत नाही, आधी माना दिसतात. सगळ्या कपारीवरच्या माना एकदम वरखाली व्हायला लागल्या आणि दोन सेकंदांत मोठे पक्षी जवळपास सगळे खाली समुद्राकडे. खडकावर उरली अंडी आणि पिल्लं. खरं नुकसान या उडण्यात असतं. बाल्टिक समुद्रातल्या स्टोरा कार्ल्सो बेटावर २०२० साली महासाथीमुळे पर्यटक आले नाहीत, तर माणसांना बुजणारे गरुड तिथे सात पट दिसू लागले. गिलेमॉट पुन्हा पुन्हा उडत राहिले, मागे राहिलेल्या अंड्यांवर कुरव (सीगल) आणि कावळे तुटून पडले, आणि त्या हंगामात पिल्लांचं प्रमाण २६ टक्क्यांनी घटलं.

आमच्याकडेही एक कुरव चोचीत काहीतरी घेऊन कॅमेऱ्यासमोरून गेला. काय होतं ते धूसर होतं. पाचेक मिनिटांत पक्षी परतले. १७ नंबर रिकामा.

नियम असा की पिल्लू सलग एक तास दिसलं नाही तर नोंद करायची. मी तासभर वाट पाहिली, मग 'पिल्लू गेलं' निवडलं, कारण 'शिकारी'. शेजारी १९ नंबरवर चष्मेवालीचा डावा पंख जरा लोंबत होता. तिथे 'जखमी?' असा शेरा टाकला आणि चहा करायला उठले.

लोक विचारतात, थेट दिसतंय तर कुणी जाऊन वाचवत का नाही? कड्यावर माणूस गेला की सगळे पुन्हा उडणार, म्हणून. २०१२ साली अमेरिकेतल्या मेनजवळच्या सील आयलंडवर बिळातल्या कॅमेऱ्यात पफिन या समुद्रपक्ष्याचं पिल्लू असंच लोकांच्या डोळ्यांदेखत उपाशी मेलं होतं. समुद्र तापलेला, नेहमीचे बारीक मासे कमी, आणि आईबाप आणत होते ते बटरफिश इतके रुंद की पिल्लाच्या घशातून उतरेनात. मासे शेजारी पडून होते.

चहा घेऊन आले तर १७ वर बाप उभा. गिलेमॉट एका वेळी एकच मासा आणतो, डोकं घशाकडे आणि शेपूट चोचीबाहेर. ती शेपटी हलत होती, कारण बाप ओरडत होता. एरवी मी आवाज बंद ठेवते, शेकडो पक्ष्यांचा कलकलाट आठ तास सहन होत नाही. त्या दिवशी हेडफोन लावला. एक खरखरीत साद, थांबून पुन्हा तीच. पिल्लू अंड्यात असतानाच आईबापांची साद ओळखायला शिकतं, हे मला माहीत होतं. त्यामुळे तर आणखीच ऐकवेना.

तिसऱ्या की चौथ्या सादेला बारीक शीळ आली. चष्मेवालीचा लोंबता पंख हलला आणि त्याखालून एक करडं डोकं बाहेर आलं.

पिल्लू दोघातिघांच्या पायांमधून, टोच्या खात, बापापाशी पोचलं. मासा हिसकावला, फिरवून डोक्याकडून गिळला. शेपटीचं टोक क्षणभर चोचीतून बाहेर राहिलं, मग तेही गेलं. चष्मेवाली दोन पावलं मागोमाग आली. बापाने चोच रोखली तशी थांबली आणि आपल्या जागेवर परत गेली. पंख अजून तसाच, किंचित उचललेला.

मी ताईंना फोन लावला. नोंद मागे घ्यायची तर त्यांची परवानगी लागते.

"ताई, १७ चं पिल्लू जिवंत आहे. शेजारणीकडे होतं."

"होतं असं यांच्यात," ताई शांतपणे म्हणाल्या. "अंडं गेलेले पक्षी दुसऱ्याचं पिल्लू पोटाशी घेतात. बाहेर आल्याची फ्रेम जोड आणि नोंद बदल."

"आणि शेजारणीचं काय लिहू? तसा पर्यायच नाही."

"शेऱ्यात टाक. आणि ते 'जखमी' काढ आधी."

काढलं. पण तासाचा नियम आता घशाखाली उतरेना. या हंगामात मी 'पिल्लू गेलं' अशा नऊ नोंदी केल्या होत्या, आणि नऊही वेळा फक्त त्या पिल्लाच्या जागेकडे बघितलं होतं. शिफ्टचा तास उरला होता, म्हणून जुनं चित्रण काढून बसले. पहिल्या दोन वेळी शंकेला जागा नव्हती, कुरवाने पिल्लू उचललेलं स्वच्छ दिसत होतं. तिसऱ्या वेळी दोन जागा पलीकडे एका पक्ष्याचा पंख उचललेला दिसला. फ्रेम थांबवली, मोठी केली, उजेड वाढवला. पंखाखाली दगड होता.