नवतपा, कूलर आणि ‘कोर्ट’

२७ मे, रात्री अकरा

नवतप्याचा तिसरा दिवस. दुपारी अंगणातल्या नळाचं पाणी हाताला चटका देत होतं. वावरात सध्या काम नाही, नांगरून ठेवलेली ढेकळं तापत पडली आहेत. सुट्यांत आलेल्या भाचीनं मोबाइल टीव्हीला जोडला आणि म्हणाली, “मामा, ‘कोर्ट’ पाहू. तुमच्याच कामाचा आहे.”

माझ्या कामाचा म्हणजे आमच्या धुऱ्याच्या, शेताच्या बांधाच्या केसमुळे. बाबांनी दावा टाकला २०१५ च्या जूनमध्ये. चैतन्य ताम्हाणेंचा हा पिक्चर त्याच वर्षी एप्रिलमध्ये थेटरात लागला होता. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, भारताकडून ऑस्करसाठी पाठवला गेला. आमच्या केसची पुढची पेशी १८ जूनला आहे.

पिक्चर मला आवडला, हे आधीच लिहून ठेवतो. नारायण कांबळे नावाचा म्हातारा शाहीर. त्याचं गाणं ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगारानं जीव दिला, असा त्याच्यावर आरोप. शाहिराचं काम केलेले वीरा साथीदार आपल्या नागपूरचे, खऱ्या आयुष्यातही चळवळीतलेच. २०२१ मध्ये कोरोनानं गेले. त्यांना स्टेजवर पाहताना हा माणूस नट आहे असं वाटतच नाही.

त्या कामगाराची बायको साक्ष द्यायला उभी राहते तो भाग तर विसरताच येणार नाही. गटारात उतरायच्या आधी नवरा आत खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली की समजायचं, आत जीव जगतो, उतरायला हरकत नाही. तोवर आडवी पडलेली माय इथं उठून बसली. “आपल्या हिरीत उतराच्या आंधी तुह्ये बाबा कंदील सोडत,” म्हणाली. खरंच. दोराला बांधलेला कंदील हळूहळू खाली जायचा आणि आम्ही पोरं वाकून पाहत राहायचो. एकदा तो अर्ध्यात विझला. त्या वर्षी गाळ काढलाच नाही.

तर शेवट. शाहीर परत आत जातो, जामीन नाही, कोर्टाला उन्हाळ्याच्या सुट्या लागतात. सगळे निघून जातात, दिवे एकेक बंद होतात आणि पडदा काळा होतो. मी उठलोच होतो. मनात म्हटलं, वा, अस्सा शेवट पाहिजे! तर पिक्चर पुन्हा सुरू. न्यायाधीश घरच्यांसोबत रिसॉर्टवर. एका पोराला बोलण्याची अडचण आहे, त्यासाठी ते खड्याची अंगठी सुचवतात. मग बाकावर डुलकी काढतात. पोरं जवळ येऊन ओरडतात, साहेब दचकून उठतात, एकाच्या थोबाडीत देतात आणि परत डोळे मिटतात. संपला.

मी म्हटलं, “हे कायले पाहिजे होतं?”

भाची चिडली. “मामा, तोच तर क्लायमॅक्स आहे! झोपलेला न्याय, ज्याचा आवाज होतो त्यालाच मारतो.”

समजलं होतं मला. समजलं म्हणूनच नाराज झालो. दोन तास पिक्चर कोणावर बोट दाखवत नाही. सरकारी वकीलबाई पण घरी जाऊन स्वयंपाकच करते. आणि शेवटच्या पाच मिनिटांत एक माणूस हलका करून दाखवायचा? मग पाहणाऱ्याला सोपं जातं, साहेबच तसा होता म्हणायला.

आमच्या केसमध्ये तीन साहेब बदलले. मधले फार चांगले होते. बाबांचे पाय सुजलेले पाहून त्यांनी शिपायाला खुर्ची द्यायला सांगितली, पाणी द्यायला लावलं. “बसा बाबाजी,” म्हणाले. बाबा दोन्ही हातांनी गिलास धरून पाणी प्याले. समोरच्याचा वकील आला नव्हता. साहेबांनी त्याच आवाजात दीड महिन्यानंतरची तारीख दिली. त्या तारखेला बाबा दवाखान्यात होते, नंतरच्या तारखेला वारस म्हणून माझं नाव लागलं. मी त्या साहेबाला शिवी देऊ शकत नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं कदाचित. रिसॉर्टवाला साहेब आम्हाला मिळालाच नाही, तरी धुरा आहे तिथंच आहे, समोरच्याच्या तुरीखाली.

भाचीला हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, दिवे बंद झाले तिथंच थांबायला पाहिजे होतं. ती म्हणाली, तुम्हाला निकाल पाहिजे होता, कबूल करा. थोडा पाहिजे होताच, खोटं कशाला बोलू.

आता लाइन गेली आहे, कूलर बंद, टॉर्चच्या उजेडात लिहितो आहे. माय खाटेवर जागीच आहे. मघाशी अंधारातूनच विचारलं तिनं, “सुटला का रे तो बुढा?”

“दाखवलं नाही, माय.”

थोडा वेळ गप्प होती. मग कूस बदलत म्हणाली, “सुट्या संपल्यावर दाखवतीन.”