कुत्रा जेवत नाही, म्हणजे नेमकं काय करतोय?

पावसाळा लागला की आमच्या फोंड्यात एक तक्रार हमखास ऐकू येते, कुत्रा जेवत नाही. त्यावर सल्ला ठरलेला, अहो नखरे आहेत, ठेवा उपाशी, झक मारत खाईल. मला हे बिलकुल पटत नाही. आधी तो वाटीपाशी येतो का ते बघा ना.

आमचा मोती मध्यंतरी वाटीपाशी यायचा, शेपटी हलवत, एक दाणा उचलायचा, तोंडात इकडून तिकडे फिरवायचा आणि टपकन लादीवर टाकून आपल्याकडे बघत बसायचा. भूक होतीच, दुखत होतं! ओठ वर करून बघितलं तर मागच्या दाढेवर पिवळं-तपकिरी किटण आणि हिरडीला लालभडक रेघ.

दुसरा प्रकार, येतो, हुंगतो, निघून जातो. पण बांगडा दाखवला की हजर. मग पाकीट तपासा. आपल्याकडच्या दमट हवेत उघडं पेडिग्री, म्हणजे कुत्र्याचं तयार कोरडं खाणं, लवकर खवट होतं, आपल्याला कळायच्या आधी त्याला कळतं. माणसाच्या जिभेवर चवीच्या कळ्या साधारण 9,000, कुत्र्याच्या 1,700च्या आसपास, सगळी मदार नाकावर. थोडं कोमट पाणी घातलं की वास सुटतो आणि खातो. (किंवा पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, अर्धा पाव आजीने आधीच चारलेला असतो, विचारा, कबूल होणार नाही.)

तिसरा प्रकार वाईट. उठतच नाही, बांगड्यालाही नाही. अशा वेळी कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात गोचिडी शोधा आणि हिरड्या बघा, फिकट पांढरट असतील तर थांबू नका. कुत्र्याचं नॉर्मल टेंपरेचरच 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, त्यामुळे अंग गरम लागतंय यावरून काही ठरवू नका, थर्मामीटर लावा, 103च्या वर गेला तर टिक फीव्हर, म्हणजे गोचिडीचा ताप असू शकतो, गोचिडीतून येणारे जंतू, एर्लिकिया नाहीतर बबेसिया, रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. आपल्या घरातली तापाची गोळी मुळीच देऊ नका. आणि काहीतरी पोटात जाऊदे म्हणून कांदा घातलेलं हुमण (माशाची आमटी)-भात तर नकोच, कांद्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात, बबेसिया पण तेच करतो.

मोठा कुत्रा पाणी पितोय, खेळतोय तर एक दिवस वाट बघा. पिल्लू असेल तर तेवढंही थांबू नका.